तिसरा नियम

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात महिला बास्केटबॉल टीमच्या कोच रेने पोर्टलंड यांचे तीन नियम होते : दारू नाही, ड्रग्ज नाहीत, लेस्बियन नाहीत. डी मॉसबाकर आणि फॉन यॅकर यांचा ‘ट्रेनिंग रूल्स’ (२००९) हा तासाभराचा माहितीपट या तिसऱ्या नियमाबद्दल आहे.

पोर्टलंड तिथे १९८० ते २००७ अशी सत्तावीस वर्षं होत्या. सहाशेच्या वर मॅचेस त्यांनी जिंकून दिल्या. नियम लपूनछपून चालत नव्हता. १९८६मध्ये त्यांची ही भूमिका वर्तमानपत्रात छापून आली होती. १९९१मध्ये पुन्हा बातमी आली, निदर्शनं झाली, आणि विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात लैंगिक कलाचा समावेश केला. कागद बदलला, कोच मात्र त्याच राहिल्या.

माहितीपटात त्या काळातल्या खेळाडू बोलतात. आता वय वाढलंय, पण टीम सुटली त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज अजून अडखळतो. असं का, हे समजायला एक गोष्ट माहीत हवी. तेव्हा खेळाडूंची शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असायची. कोचची मर्जी गेली की टीम जायची, आणि फीचे पैसेही. शिवाय घरी कारण काय सांगणार? खरं कारण सांगणं म्हणजे स्वतःबद्दलच सगळं सांगणं. म्हणून बऱ्याचजणी गप्प राहिल्या.

ही गप्पी तोडली जेनिफर हॅरिसने. २००५मध्ये तिला टीममधून काढलं आणि तिने कोर्टात दावा लावला. गंमत अशी, की आपण लेस्बियन नाही, असं ती स्वतः सांगत होती. तिचा आरोप होता, की कोच तिला त्याबद्दल सारखं विचारायच्या आणि जास्त ‘बायकी’ दिसायला सांगायच्या. माहितीपटातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच. या नियमाला पुरावा लागत नाही, संशय पुरतो. मग केस कसे, कपडे कसे, मैत्रीण कोण, याचा हिशेब टीममधल्या प्रत्येकच मुलीला ठेवावा लागतो.

२००६मध्ये विद्यापीठाच्याच चौकशीत ठरलं, की पोर्टलंड यांनी हॅरिससाठी दडपणाचं, अपमानास्पद वातावरण तयार केलं. शिक्षा काय, तर दहा हजार डॉलर दंड. नोकरी कायम. पुढच्या वर्षी तडजोड झाली, तिच्या अटी गुप्त राहिल्या, आणि काही आठवड्यांत पोर्टलंड यांनी राजीनामा दिला.

माझी तक्रार इथे आहे. माहितीपटाला खलनायिका मिळाली आणि तो तिच्यावरच खिळून राहिला. पोर्टलंड स्वतः मुलाखत देत नाहीत, त्यामुळे जुन्या चित्रफितींतला त्यांचा चेहराच पुन्हा पुन्हा समोर येतो. पण सत्तावीस वर्षं त्यांचा करार कोणी चालू ठेवला? धोरण बदलल्यावर ते पाळलं जातंय का, हे बघणं कोणाचं काम होतं? त्या खुर्च्यांवरच्या माणसांकडे कॅमेरा पुरेसा वळत नाही.

तरीही हा माहितीपट बघाच. कोर्टातल्या तडजोडीने हॅरिसचं प्रकरण मिटलं. तिच्या आधी गेलेल्या मुलींना कुठलंच कोर्ट मिळालं नव्हतं. त्यांची साक्ष इथे नोंदली गेली आहे.