कॅनचा संकलक

रॉकच्या इतिहासात होल्गर चुकायची नोंद ‘कॅन’ या जर्मन बँडचा बास गिटारवादक अशी होते. ती खोटी नाही, पण तिच्यामुळे त्याची मूळ कामगिरी झाकली जाते. बास तो मोजकाच वाजवायचा, अनेकदा दोन-तीन स्वरांतच घुटमळायचा. त्याची खरी हत्यारं टेप आणि ब्लेड. १९३८ साली डान्त्सिगमध्ये जन्मलेला चुकाय १९६३ ते १९६६ या काळात जर्मन संगीतकार श्टॉकहाउझनकडे शिकला. मुद्रित ध्वनी हाच रचनेचा कच्चा माल, हा धडा त्याने तिथे घेतला. त्याला बीटल्सची गोडी लावली ती त्याच्याच विद्यार्थ्याने, मिखाएल कारोलीने. १९६८ साली कोलोनमध्ये दोघे कॅनमध्ये एकत्र आले तेव्हा चुकाय तिशीचा होता. रॉकच्या हिशेबाने जवळजवळ म्हाताराच.

टेप आणि ब्लेड हीच त्याची हत्यारं, हे कॅनचा ‘टागो मागो’ (१९७१) हा अल्बम ऐकताना कळतं. बँड तासन्‌तास आधी काही न ठरवता वाजवायचा, टेप फिरत राहायची. मधल्या वेळेत, कुणी बिघाड दुरुस्त करत असताना सहज वाजवलेलंही चुकाय टिपून ठेवायचा. मग कापाकापी. अठरा मिनिटांचं ‘हालेलुवा’ हे एका बैठकीचं वादन नव्हे, सांधून उभी केलेली रचना आहे. सांधा मात्र कानाला सापडत नाही. यावर कुणी म्हणेल, याकी लीबेत्साइटचे ड्रम यंत्रासारखे एका लयीत चालायचे म्हणून तर सांधे जुळले, श्रेय त्याचं. लीबेत्साइटशिवाय कॅन नाही, हे कबूलच. पण स्थिर लय कुठे कापायचं ते सांगत नाही. शिवाय उलट पुरावाही आहे. सुरुवातीचे अल्बम दोन ट्रॅकवर मुद्रित होत. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं आणि चुकायने निवडायचं. ‘लँडेड’च्या (१९७५) वेळी सोळा ट्रॅकचं यंत्र आलं, प्रत्येकाला आपला भाग वेगळा करता येऊ लागला आणि संगीतातला ताण सैल पडला. ‘सॉ डिलाइट’पर्यंत (१९७७) बास दुसऱ्याकडे गेला होता, चुकायच्या हाती शॉर्टवेव्ह रेडिओ उरला होता. संकलकाची गरज संपली तसा बँडही ओसरला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘कॅनॅक्सिस’ या अल्बममध्ये (१९६९) त्याने अनाम व्हिएतनामी गायिकांचा आवाज घेतला, ‘पर्शियन लव्ह’ या रचनेत (१९७९) शॉर्टवेव्हवर आलेलं इराणी गाणं. हे उचलेगिरीच नव्हे का? चुकायची बाजू एवढीच, की तो त्या आवाजाला शोभेची वस्तू करत नाही: गिटार आणि ताल त्या गायकीच्या चालीने वळवतो, तिला आपल्या चौकटीत कोंबत नाही. संगीत म्हणून हे उत्तर मला पटतं, हक्काच्या प्रश्नाला ते पुरत नाही. दोनच वर्षांनी ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न यांनी याच वाटेने अल्बम केला. त्यातलं कुराणपठण वापरलेलं गाणं धार्मिक आक्षेपानंतर पुढच्या आवृत्त्यांतून काढावं लागलं. २००७ साली कान्ये वेस्टच्या गाण्यात खुद्द कॅनचाच तुकडा आला, पण तोवर अशा उसन्या तुकड्याला, म्हणजे सँपलला, परवानगी आणि मोबदला आवश्यक झाला होता. व्हिएतनामी गायिकांच्या वेळी असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, चुकायनेही नाही.