मारिएनथालच्या बायका आणि आपला बेरोजगारीचा दर

मंदीत कष्टकरी कुटुंबांचं काय होतं, या विषयावरचा कुठलाही पेपर उघडा. पहिल्या दोन-तीन पानांत एक संदर्भ ठरलेला असतो: जाहोदा, लाझार्सफेल्ड आणि झायझेल, १९३३. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गिरणीच्या गावाचा अभ्यास. बहुतेक जण त्यातून एकच निष्कर्ष उचलतात, की बेकारीने माणसं पेटून उठत नाहीत, थंड पडतात. पुस्तक तसं छोटंसंच आहे आणि इंग्रजी भाषांतर १९७१ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे पूर्ण न वाचण्याला खरं तर सबब नाही. मला ते फार आवडतं. पण त्याच्याशी माझं एक मोठं भांडणही आहे, आणि ते भांडण थेट आपल्याकडच्या २०२० च्या आकड्यांपर्यंत येतं. म्हणून ही पोस्ट.

आधी गाव समजून घेऊ. मारिएनथाल व्हिएन्नाजवळ. एकोणिसाव्या शतकात तिथे कापडाची गिरणी निघाली आणि गिरणीभोवती वस्ती वाढली. जागतिक मंदी आली तशी १९२९ च्या उन्हाळ्यापासून गिरणीतलं एकेक खातं बंद होत गेलं. फेब्रुवारी १९३० पर्यंत मागही थांबले. मग गिरणी पाडायला सुरुवात झाली. ज्या खिडक्यांतून लोक चिमणीचा धूर बघायचे, तिथून आता भंगार दिसू लागलं. गावात ४७८ कुटुंबं, आणि त्यांतली जवळजवळ तीन-चतुर्थांश बेकारभत्त्यावर. तो भत्ताही कायमचा नव्हता. ठरावीक आठवडे झाले की कमी व्हायचा, आणि शेवटी बंद.

१९३१ च्या अखेरीला व्हिएन्नाहून संशोधकांची एक तुकडी इथे आली. मारी जाहोदा तेव्हा २४ वर्षांची होती. पॉल लाझार्सफेल्ड गणितात डॉक्टरेट केलेला माणूस. (आमच्यासारख्या संख्याशास्त्रवाल्यांना याचं उगाचच बरं वाटतं.) त्यांनी एक नियम केला होता, तो मला आजही थोर वाटतो: गावात कुणीही नुसतं बघायला जायचं नाही. जो जाईल त्याने गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. म्हणून त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी सुरू केली, शिवणकामाचा वर्ग घेतला. या निमित्ताने घराघरात शिरता आलं. आजच्या एथिक्स कमिटीने याला परवानगी दिली असती का, हा प्रश्न आहेच. कपडे हवेत म्हणून बोलणारी बाई ‘संमती’ देत होती असं म्हणता येणार नाही. पण तो मुद्दा आज बाजूला ठेवते.

मोजण्याच्या त्यांच्या तऱ्हा वाचून तर मी चाटच पडले. ग्रंथालयाची नोंदवही तपासली. वर्गणी माफ केलेली असूनही १९२९ ते १९३१ मध्ये पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं. वेळ हाताशी भरपूर, आणि वाचन मात्र घटलं! शाळेतल्या पोरांना नाताळला काय हवं ते लिहायला लावलं आणि त्या इच्छांची किंमत काढली. मारिएनथालच्या पोरांच्या इच्छा शेजारच्या गावांतल्या पोरांच्या मानाने एक-तृतीयांश पैशांत भागणाऱ्या निघाल्या. मुलांनी मागणंच कमी केलं होतं.

सगळ्यात गाजलेलं निरीक्षण रस्त्यावरचं. संशोधक आडोशाने खिडकीशी घड्याळ घेऊन बसले आणि मुख्य रस्त्यावरून जाणारी माणसं वाटेत किती वेळा थांबतात ते टिपत राहिले. पुरुषांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वाटेत किमान दोनदा थांबले. न थांबता पोचणारा दहांत एखादाच. बायकांमध्ये मात्र दोनदा किंवा त्याहून जास्त थांबलेली सहांत जेमतेम एखादीच. गाव तेच, मंदीही तीच, पण रस्त्यावरचा वेळ दोन प्रकारचा.

हे इतकं लख्ख दिसल्यावर पुस्तकाने त्याचा धागा शेवटपर्यंत धरायला हवा होता. तिथेच माझं भांडण सुरू होतं.

पुस्तकाचा गाभा म्हणजे कुटुंबांची चार गटांत केलेली विभागणी. न खचलेली, निमूट झालेली, हताश आणि पार ढासळलेली. प्रत्येक गटाचं दरमाणशी मासिक उत्पन्नही दिलंय (मूल प्रौढापेक्षा कमी धरून): अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग. आकडे किती सरळ उतरतात बघा. पैसा कमी होत गेला की मन खचत जातं, आणि उत्पन्नावरून कुटुंब कधी ढासळेल ते जवळपास सांगता येतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता हे गट ठरवले कसे ते बघू. पहिल्या तिन्ही गटांत एक गोष्ट समान आहे: घर नीटनेटकं, मुलांची काळजी घेतलेली. भविष्याचे बेत आहेत की नाहीत, निराशा किती, यावरून ते तीन एकमेकांपासून वेगळे होतात. चौथा गट मात्र मुख्यतः घराच्या अवस्थेवरून ओळखला जातो. घर अस्वच्छ, मुलं मळकी, पैशाचा हिशोब नाही, घरात भांडणं. म्हणजे कुटुंब ‘ढासळलं’ की नाही याची सीमारेषा झाडू, साबण आणि सुई-दोऱ्यावर काढलेली आहे. आणि मारिएनथालमध्ये या तिन्ही वस्तू कुणाच्या हातात होत्या, ते पुस्तकातच लिहिलंय.

संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर मोजायचं एकक आहे कुटुंब, पण निर्देशक आहे त्यातल्या एकाच व्यक्तीचे बिनपगारी श्रम. घरातली बाई आजारी असेल, किंवा चार लहान लेकरांत एकटी पडली असेल, तर ते कुटुंब ‘ढासळलेलं’ होण्याची शक्यता वाढते. नवऱ्याची मनःस्थिती काहीही असो. उलट नवरा दिवसभर सुन्न बसून असला, तरी बायकोने रात्री जागून चड्ड्यांना ठिगळं लावली की कुटुंब वरच्या गटात जातं. उत्पन्नाचा आकडाही स्वतंत्र राहत नाही. १९ शिलिंगांत घर स्वच्छ ठेवायला ३४ शिलिंगांपेक्षा कितीतरी जास्त राबावं लागतं. सरपण वेचून आणायचं, जुनंच उसवून पुन्हा शिवायचं, साबण पुरवून वापरायचा. म्हणजे पैसा घटतो तसं तेच घर टिकवायला लागणारं काम वाढतं. १९ ला घर ‘पडलं’ तेव्हा मन पडलं, की एका माणसाचे तास संपले? हा डेटा ते सांगू शकत नाही.

लेखकांवर अन्याय नको. बायकांविषयी त्यांना बरंच कळलं होतं. बायका नुसत्या बिनपगारी झाल्यात, खऱ्या अर्थाने बेकार नाहीत, असं पुस्तकात स्वच्छ म्हटलंय. पुरुषांना दिवसाचे तास भरून दाखवायला सांगितले तेव्हा उठणं, जेवणं, झोपणं यांच्यामध्ये काय झालं हे त्यांना सांगता येईना. बायकांचे तक्ते मात्र गच्च. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी गिरणी आणि घर असं दुहेरी ओझं होतं, रात्री उशिरापर्यंत काम चालायचं. तरी बायका म्हणत होत्या, गिरणी सुरू झाली तर आम्ही परत जाऊ. आणि नुसत्या पैशांसाठी नाही, तिथे चार माणसं भेटायची म्हणूनही. एवढं सगळं हाताशी असून अंतिम चित्र निघतं ते ‘थकलेल्या गावा’चं. रस्त्यावरून फारशा न थांबता गेलेल्या त्या बायका त्या चित्रात कुठे बसवायच्या?

नव्वद वर्षांपूर्वीच्या पुस्तकाशी आज का भांडायचं? कारण तीच चूक आपण आता कॉम्प्युटरवर करतो.

२०२० मध्ये आपल्याकडे टाळेबंदी लागली. एप्रिल ते जून या तिमाहीत शहरी बेरोजगारी पीएलएफएस या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार सुमारे २१ टक्क्यांवर गेली. पण त्याच सर्वेक्षणाचा वार्षिक आकडा बघा. २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के, २०१९-२० मध्ये ४.८, २०२०-२१ मध्ये ४.२. अर्थव्यवस्था आकसली त्या वर्षी बेरोजगारी कमी झाली! सोबत आणखी एक ‘चांगली’ बातमी: श्रमशक्तीतला स्त्रियांचा सहभाग त्याच काळात २४.५ वरून ३२.५ टक्क्यांवर. काहींनी यावरून अर्थव्यवस्था सावरल्याचा निर्वाळा दिला, काहींनी आकडे खोटे म्हणून ओरड केली. माझ्या मते दोघांनीही व्याख्या वाचली नव्हती.

समजा, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये नवरा लेथवर होता आणि बायको घर सांभाळत होती. सर्वेक्षणात एक कामकरी, एक श्रमशक्तीच्या बाहेर. वर्कशॉप बंद पडलं, दोघं गावी गेली. घरच्या दोन एकरांत कांदा होता, त्यात दोघंही उतरली. आता दोघंही ‘कामकरी’. नवरा स्वयंरोजगारी, बायको घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस. पगार गेला, भाड्याची खोली गेली, आणि या घरापुरता बेरोजगारीचा दर शून्य, शिवाय स्त्रियांचा सहभाग वाढलेला. वार्षिक आकडा ज्या व्याख्येवर काढतात तिच्यात वर्षातून तीस दिवसांचं दुय्यम कामही मोजलं जातं, त्यामुळे हा परिणाम आणखी ठळक होतो.

उदाहरण कल्पित आहे, पण एकूण आकडे त्याच दिशेचे आहेत. कामकरी स्त्रियांमध्ये बिनपगारी मदतनिसांचा वाटा २०१८-१९ मध्ये सुमारे ३१ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ३६ च्या पुढे गेला. शेतीवरच्या कामकऱ्यांचा हिस्सा ४२.५ वरून ४६.५ टक्के झाला. अनेक दशकं घसरत आलेला आकडा उलटा फिरला. यातली काही वाढ बायकांचं काम पूर्वीपेक्षा नीट विचारून नोंदवलं गेल्यामुळेही असेल, हा आक्षेप मला मान्य आहे. पण शेतीकडे उलटी वळलेली माणसं त्याने समजावता येत नाहीत.

मारिएनथालमध्ये बाईच्या श्रमांमुळे कुटुंब ‘न ढासळलेलं’ दिसलं, इथे तिच्या श्रमांमुळे देश ‘रोजगारात’ दिसला. मंदीचा भार जिथे जाऊन बसतो, नेमकी तीच जागा निर्देशकात तब्येत सुधारल्याची खूण म्हणून नोंदली जाते.

मुंबईचं गिरणगाव आठवल्याशिवाय हा विषय मराठीत पुरा होत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, आणि आपण आजही तो आकडा गिरणीच्या मस्टरवरून सांगतो. पण कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका कुठल्याच मस्टरवर नव्हत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. मेंबराचा पगार थांबला की खाणावळीचा महिना थांबणार, हे सांगायला सर्वेक्षण नको. तरी संपाने किती रोजगार गेले याच्या हिशोबात या चुली धरलेल्या मला कुठे दिसल्या नाहीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (२००४) या मौखिक इतिहासासारखी कामं म्हणूनच मोलाची. मस्टरबाहेरची माणसं निदान बोलताना तरी ऐकू येतात.

मग मोजायचं कसं? उत्तर पुस्तकातच आहे: वेळेचे तक्ते. भारतानेही पूर्ण देशाचं वेळ-वापर सर्वेक्षण केलं, २०१९ मध्ये. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष ९७. उत्तम सर्वेक्षण, पण ते संपलं डिसेंबर २०१९ ला, म्हणजे टाळेबंदीच्या तीन महिने आधी. पुढचं झालं २०२४ मध्ये. ज्या काळात हे तास सगळ्यात जास्त हलले असतील, नेमका तोच काळ दोन सर्वेक्षणांच्या मध्ये पडला.

माझ्या थिसिसमध्ये मी दुसरी वाट धरलीय. पीएलएफएस शहरी घरांना चार वेळा भेट देतं, त्यामुळे मार्च २०२० च्या आधीचं आणि नंतरचं तेच घर शेजारी ठेवून बघता येतं. फक्त घरकाम करणाऱ्या व्यक्तीला ९२ हा कोड असतो, बिनपगारी मदतनिसाला २१. किती बायका ९२ वरून २१ वर गेल्या, आणि त्या घरात त्याआधी कुणाचा पगार थांबला होता, हे मी काढतेय. अडचणी दोन. टाळेबंदीत प्रत्यक्ष भेटी थांबल्या, नंतर बरंच काम फोनवर झालं. आणि गावी निघून गेलेलं कुटुंब शहराच्या यादीतून गळतं, तर खेड्यात तेव्हा पुन्हा भेट द्यायची पद्धतच नव्हती. भोसरीहून कांद्यात गेलेलं ते घर मला सापडणार नाही. सापडतील ती शहरातच राहिलेली, आणि त्यांतल्या बहुतेक बायकांपुढे दोन्ही भेटींत ९२ च लिहिलेलं असणार. कामवाली बंद, शाळा बंद, नवरा घरात, रेशनची रांग, आणि कोड तोच. ९२ पुढे तासांचा रकाना नाही.