आनंदवनाची पहिली चूल : साधनाताई आमटे यांची 'समिधा'

महाराष्ट्राला एक यादी पाठ आहे. जून 1951, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं वरोरा, पन्नास एकर खडकाळ पडीक जमीन. बाबा आमटे, त्यांची पत्नी, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. आनंदवनाची गोष्ट सांगणारा जो तो इथून सुरुवात करतो आणि लगेच विहिरी, शेती, दवाखाना, पुरस्कार यांकडे वळतो. साधनाताई आमटे यांचं 'समिधा' हे आत्मकथन वाचताना मात्र त्या यादीपाशी थांबावं लागतं. यादीतल्या प्रत्येक तोंडात रात्री काय घालायचं, हा प्रश्न इथे आधी उभा राहतो. इतर चरित्रांत मागच्या अंगणात राहणारी गोष्ट या पुस्तकात पुढच्या दाराने येते, आणि आनंदवन एकदम निराळं दिसू लागतं.

साधनाताई मूळच्या इंदू घुले. जन्म 1926चा, नागपूरच्या सोवळंओवळं पाळणाऱ्या शास्त्र्यांच्या घरातला. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, पण तो नीट वाचायला हवा. घरात बहिणीच्या लग्नाची धामधूम चाललेली आहे. पाहुणे, पंगती आणि धुण्याचा हा ढीग. धुणं धुणारी बाई म्हातारी आहे, थकलेली आहे. इंदू गर्दीतून हळूच निसटते आणि तिच्या शेजारी बसून कपडे धुवायला लागते. दाढी वाढवलेला, संन्याशासारखा राहणारा एक पाहुणा ते बघतो आणि ही मुलगी आपल्याला हवी, असं मनाशी ठरवतो. तो पाहुणा म्हणजे मुरलीधर देविदास आमटे, गोरज्याच्या जमीनदाराचा वकील मुलगा. 1946मध्ये दोघांचं लग्न झालं आणि इंदूची साधना झाली.

हा प्रसंग बहुतेकदा बाबांच्या पारखी नजरेचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. इंदू धुण्यापाशी बसली, तेव्हा बाबा तिच्या आयुष्यात आलेले नव्हते. कुणी तिला सेवेचा उपदेश केला नव्हता, कुणी बघत असेल अशी अपेक्षाही नव्हती. एका थकल्या जिवावर कामाचा ढीग पडलाय, तर आपण शेजारी बसून हात लावायचा, ही वृत्ती तिने माहेराहूनच आणली होती. बाबांनी साधनाताईंना घडवलं असं आपण सहज म्हणून जातो. 'समिधा' वाचल्यावर तसं म्हणवत नाही. दोन घडलेली माणसं एकत्र आली आणि त्यांनी एक गाव वसवलं.

त्या गावाची जागा कशी होती? विदर्भात जिला झुडपी जंगल म्हणतात तसली. दगड, काटेरी झाडोरा, साप, विंचू. पाणी लांबून आणायचं. पहिली विहीर खणायला आठवडेच्या आठवडे गेले, तेही खडकात, आणि खणणारे कोण, तर ज्यांच्या हातापायांची बोटं झडलेली होती ते. कुष्ठरोगात कातडीची जाणीव जाते. कुदळीने सोललं, विळ्याने कापलं, चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळल्यावरच कळतं. म्हणजे दिवसभराच्या कष्टानंतर संध्याकाळी जखमा शोधणं आणि धुणं हाही शेतीचाच भाग. रात्री वाघाची भीती होती. कुत्री एकामागून एक त्याच्या तोंडी गेली. आणि या सगळ्यात विकास आणि प्रकाश ही दोन पोरं रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढत होती. सल्फोन औषधं तेव्हा नुकतीच वापरात येत होती आणि महारोग म्हटलं की सख्खे नातेवाईकही दार लावून घेत. त्या काळात आईने आपली मुलं तिथे वाढवणं हा धाडसी निर्णय होता, आणि तो एकदा घेऊन संपणारा नव्हता. रोज सकाळी तो नव्याने घ्यावा लागत होता.

उजाड जमिनीवर नवऱ्यामागे संसार मांडणारी दुसरी एक बाई इथे आठवते, कादंबरीतली. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात एकोणिसाव्या शतकात युरोपातून माणसं वसायला गेली. 1862च्या कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला 160 एकर जमीन मिळत होती. ओ. ई. रोलवाग यांच्या 'जायंट्स इन द अर्थ' या कादंबरीतली नॉर्वेहून आलेली बेरेट तिथे मनाने मोडत जाते. नवऱ्याला त्या मातीत भविष्य दिसतं. तिला मात्र आडोशाला एक झाडही नाही असं उघडं माळरान दिसतं. अखेर ती मायदेशाहून आणलेल्या पेटाऱ्यात मुलांसह शिरून बसते. साधनाताईंच्या नवऱ्यालाही खडकात स्वप्न दिसत होतं. त्यांचा एकटेपणा मात्र निराळा होता. माणसं जवळच होती, वरोरा हाकेच्या अंतरावर होतं, पण आनंदवनात पिकलेली भाजी गावातलं कुणी विकत घेत नव्हतं. ताजी, उत्तम भाजी, केवळ ती कुणाच्या हातांनी पिकवली म्हणून पडून राहायची. 1954च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक इथे राहिले, राबले, इथलंच जेवले, तेव्हा कुठे गावाची भीड चेपली. बेरेटला निसर्गाने एकटं पाडलं, साधनाताईंना समाजाने. तरी त्या कुठे शिरून बसल्या नाहीत. त्यांच्या चुलीशी ज्याला त्याला जागा होती.

'समिधा'ची खरी ताकद सांगण्याच्या रीतीत आहे. याच घरातून आलेली बाबांची 'ज्वाला आणि फुले' ही मुक्तछंदातली कविता पेटवणारी, ललकारणारी. साधनाताईंचं गद्य मात्र ओसरीवर बसून बोलावं तसं. विशेषणं कमी, घडलेलं जास्त. बाबांवर त्यांची अपार श्रद्धा आहे, पण त्यांचा हट्टी, तापट स्वभाव त्या झाकून ठेवत नाहीत. तो स्वभाव सोसताना झालेली ओढाताणही सांगतात. दुःखाची मिरवणूक नाही आणि सहनशीलतेची फुशारकीही नाही. म्हणूनच वाचकाचा विश्वास बसतो.

आणि हे वसवणं एकदाच करून भागलं नाही. 1967मध्ये मूलजवळ सोमनाथ ही नवी वसाहत उभी राहिली. 1973मध्ये धाकटा मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी भामरागडच्या रानात, माडिया गोंडांमध्ये हेमलकसाला गेले; आज तो भाग गडचिरोली जिल्ह्यात आहे. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात नद्या फुगल्या की जगाशी संपर्क नाही. आपण सोसलं ते सुनेच्या वाट्याला येतंय हे या सासूला पुरतं ठाऊक होतं. पुढे 1990मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, पाठीच्या दुखण्याने बसूही न शकणाऱ्या बाबांबरोबर त्या नर्मदेकाठी कसरावदला गेल्या आणि तिथे पुन्हा नव्याने संसार मांडला. 9 फेब्रुवारी 2008 रोजी बाबा गेले. साधनाताई 9 जुलै 2011 रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, आनंदवनातच गेल्या. साठ वर्षांपूर्वी जिथे अंग टेकायला नीट जागा नव्हती, त्याच भूमीत बाबांशेजारी त्यांना माती मिळाली. तोवर तिथे शेतं होती, दवाखाना होता, कॉलेज होतं, आणि घरांनी टाकलेल्या माणसांचे संसार होते.

मराठीत मोठ्या माणसांच्या पत्नींनी लिहिलेल्या आत्मकथनांची परंपरा समृद्ध आहे. रमाबाई रानडे, बाया कर्वे, लक्ष्मीबाई टिळक. तिघींनीही नवऱ्याच्या ध्येयाची झळ सोसली आणि ती आपापल्या आवाजात सांगितली. 'समिधा' त्याच ओळीत बसते आणि एक पाऊल पुढेही जाते. संसार कसा सांभाळला हे इथे आहेच. शिवाय ओसाड जमिनीवर, समाजाने नाकारलेल्या माणसांचं गाव कसं उभं राहिलं, हेही एका बाईच्या तोंडून ऐकायला मिळतं. त्यामुळे बाबांच्या चरित्राला जोडलेली पुरवणी म्हणून हे पुस्तक वाचू नये. विदर्भातल्या शेतीचा, वस्त्यांचा आणि बायकांच्या श्रमाचा तो अस्सल दस्तऐवज आहे. आनंदवन बघायला मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी निघण्याआधी त्यातली काही पानं वर्गात मोठ्याने वाचावीत. समोरची हिरवीगार शेतं बघताना ती कुणाकुणाच्या राबण्यातून उभी राहिली, हे मग मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.