सोपी भाषा ठरवायची कोणी?

शासनव्यवहाराची भाषा सुलभ असावी, याविषयी तज्ज्ञांत मतभेद नाही. मतभेद आहे तो ‘सुलभ’ कशाला म्हणावे याविषयी. हा प्रश्न सामान्यतः राजधानीत आणि विद्यापीठांत चर्चिला जातो. तो बीदरजवळच्या कमठाण्यासारख्या गावात नेला, तर अनेक गृहीतके तपासून घ्यावी लागतात.

बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामी अमदानीतील कचेरीचे कागद उर्दूत असत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात आणि उरलेला भाग म्हैसूर राज्यात. परिणामी या भागातील एखाद्या कुटुंबात आजोबांच्या जमिनीचा कागद उर्दूत, नातवाचा कन्नडमध्ये आणि उदगीरकडील सोयऱ्याचा मराठीत असू शकतो. बोली घरात मराठी असो वा दखनी, कागद वाचायचा तो दुसऱ्याच भाषेत.

या तिन्ही भाषांना जोडणारा एक दुवा मात्र आहे. मराठीतील अर्ज, जमीन, नक्कल, वसुली, तहसीलदार हे शब्द कन्नडमध्ये अर्जी, जमीनु, नकलु, वसूली, तहसीलदार असे आढळतात आणि उर्दूत तर ते मूळचेच आहेत. शतकानुशतकांच्या वापराने ते गावकऱ्याच्या तोंडी बसले. मराठीतील भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी नेमक्या याच थराला परके ठरविले. इ.स. १६७७च्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही पुढे पेशवे दफ्तरात सनद, सरंजाम, जमाबंदी हे शब्द टिकून राहिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह नव्याने धरला. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४चा राजभाषा अधिनियम आला आणि परिभाषेचे कोश तयार झाले. मराठीला राज्यकारभारात स्थान देण्याचे हे काम मोलाचे होते, हे नाकारता येणार नाही. परंतु परवान्याची अनुज्ञप्ती झाली, बिनशेतीचे अकृषिक झाले, दफ्तराचे अभिलेख झाले. पदनाम कोशाला टीकाकारांनी त्या वेळी ‘बदनाम कोश’ म्हटले, ते काही अगदीच अकारण नव्हते. शब्द शुद्ध झाला, पण ज्याच्यासाठी तो घडविला त्याला दुभाष्या लागू लागला.

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचाही मोह होतो. अरबी-फारसी शब्द तेवढे सोपे, असे मानणे हीही चूकच ठरेल. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमात उर्दू परिभाषा घडविताना अरबीवर किती भर द्यावा, हा वाद होताच. त्याच विद्यापीठातील वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१च्या ‘वज़्ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात देशी शब्दघटकांचाही पुरस्कार केला. शिवाय सामाईक शब्दही फसवतात. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र, कन्नडमध्ये दाखले म्हणजे नोंद किंवा दस्तऐवज, तर उर्दूत दाख़िला म्हणजे महाविद्यालयातील प्रवेश. एकाच वर्गातील तीन विद्यार्थी या एका शब्दाने तीन वेगवेगळ्या खिडक्यांकडे जाऊ शकतात.

खरी अडचण अनेकदा शब्दात नसून वाक्यात असते. उदाहरणादाखल असे एक वाक्य घ्यावे : ‘ज्याअर्थी अर्जदाराने विहित मुदतीत कागदपत्रे सादर केलेली नसल्याचे निदर्शनास आले आहे, त्याअर्थी सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ यातील बहुतेक शब्द सुटे घेतल्यास परिचित आहेत. तरीही ‘निकाली काढला’ म्हणजे काम झाले, असे समजून पालक निर्धास्त होतो. अर्ज कोणी फेटाळला, कोणता कागद कमी पडला, दाद कोठे व किती दिवसांत मागायची, यांपैकी काहीच त्याला कळत नाही. तोवर शिष्यवृत्तीची मुदत टळून गेलेली असते. ‘तुमचा अर्ज नामंजूर झाला आहे, कारण उत्पन्नाचे प्रमाणपत्र मिळाले नाही,’ असे लिहून अपिलाचे ठिकाण व मुदत पुढे दिली असती, तर कोणत्याही कोशाची गरज पडली नसती.

इंग्रजीत या चळवळीचा इतिहास बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहिले, ते अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांना केलेले मार्गदर्शन होते. १९७९ साली क्रिसी माहेर यांनी सुरू केलेली मोहीम मात्र फॉर्म भरताना अडणाऱ्या सामान्य माणसाच्या बाजूने उभी राहिली. अमेरिकेत २०१० साली याविषयी कायदा झाला. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तर कसोटी वाचकाकडेच सोपविली : हवी ती माहिती त्याला सापडावी, समजावी आणि वापरता यावी. भारतात २०२५च्या आयकर अधिनियमात शब्दसंख्या सुमारे ५ लाख १२ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर आणली गेली. हा प्रयत्न स्वागतार्ह आहे, मात्र शब्द निम्मे झाले म्हणून समज दुप्पट होतेच असे नाही. या सर्व प्रयत्नांत वाचक बहुधा एकभाषिक गृहीत धरलेला असतो. सीमाभागातील वाचक तसा नाही.

येथेच महाविद्यालयीन अध्यापकाचे स्थान महत्त्वाचे ठरते. सीमाभागात आईवडिलांचे अर्ज भरणारा पहिला माणूस बहुधा महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असते. व्यावहारिक भाषेच्या तासाला अर्जाचे नमुने पाठ करवून घेण्याऐवजी खरा सरकारी कागद वर्गात आणावा. तो घरी वाचून दाखवून ‘आता काय करायचे?’ एवढेच पालकांना विचारायला विद्यार्थ्यांना सांगावे. उत्तर चुकले, तर दोष ऐकणाऱ्याला न देता वाक्यात शोधावा आणि ते वाक्य पुन्हा लिहावे. असा सराव झालेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या कारकून होईल, कोणी ग्रामपंचायतीत सदस्य होईल. सोप्या भाषेचे तज्ज्ञ कोण, याचे उत्तर तेव्हा कोशाच्या पानांत शोधावे लागणार नाही. ज्याच्या हाती कागद पडतो आणि ज्याला तो घेऊन खिडकीपर्यंत जावे लागते, तोच या विषयातील अंतिम परीक्षक होय.