अपसामान्यतेचे निकष आणि 'मित्राची गोष्ट'

एखादे पात्र रूढ चौकटीबाहेर वागू लागले की मराठी समीक्षा त्यास 'विकृत' म्हणून मोकळी होते. हे विशेषण मानसशास्त्राच्या अधिकाराने वापरल्याचा आविर्भाव असतो. परंतु अपसामान्य वर्तनाची सर्वमान्य व्याख्या त्या शास्त्रापाशीच नाही; आहेत ते काही निकष, आणि तेही परस्परांना छेद देणारे. सरासरीपासून दूर ते अपसामान्य म्हणावे, तर असाधारण प्रतिभाही त्यात येते. सामाजिक मानदंडाचा निकष समाजागणिक बदलतो. १९३४ मध्येच रूथ बेनेडिक्ट यांनी मानववंशशास्त्राच्या अंगाने हे दाखवून दिले होते. उरतात दैनंदिन व्यवहारक्षमतेचा ऱ्हास आणि व्यक्तीला होणारा क्लेश. क्लेशाचा निकष सर्वांत मानवी वाटतो, कारण तो ज्याचे त्यालाच विचारतो. मात्र हा क्लेश येतो कोठून, हे तो विचारत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या सूचीतून वगळली. तथापि १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत एक पळवाट राहिली : स्वतःच्या समलैंगिकतेमुळे जो क्लेश भोगतो तो रुग्णच. १९८७ मध्ये तीही गेली. ज्या समाजाने लाज शिकवली त्यानेच ती लाज रोगाचा पुरावा म्हणून पुढे करावी, हा त्या तरतुदीतला पेच होता.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले, म्हणजे नेमके या दोन तारखांच्या मधल्या काळात. हा योगायोगच; नाटककारापुढे ती सूची होती असे सुचवावयाचे नाही. पण सुमित्रा देव ऊर्फ मित्रा हिला क्लेशाचा निकष लावून पाहावा. कॉलेजच्या नाटकात पुरुषपात्र रंगवताना नमाविषयी तिच्या मनात जे जागे होते, ते तिला स्वतःला क्लेशकारक वाटत नाही. उलट तेथे ती प्रथमच स्वतःला सापडते. पुढे तिला जे सोसावे लागते त्यात दळवीचे वैर आहे, नमाचे दोलायमान मन आहे, भोवतालची कुजबुज आहे आणि तुटत गेलेला बापूचा आधारही आहे. आरंभीचा तिचा आत्मघाताचा प्रयत्न मात्र या हिशेबात सहज बसत नाही. येथे भोवतालचा निवाडा तिने आधीच आत घेतलेला आहे. आतला क्लेश कोणता आणि बाहेरचा कोणता, हे मग वेगळे काढता येत नाही. तिला 'विकृत' ठरवणारे वाचन ही गुंतागुंत एका शब्दात संपवते. तिला केवळ समाजाचा बळी मानणारे सहानुभूतीचे वाचनही तेच करते, फक्त सौजन्याने.

तेंडुलकरांविषयीही एक तक्रार नोंदवावयास हवी. मित्रेचा शेवट मृत्यूत होतो. जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ मध्ये विकाराची व्याख्या 'हानिकारक बिघाड' अशी केली आणि त्यातील 'हानी' हा मूल्यनिर्णय असल्याचे मान्य केले. नाटकाचा शेवट त्या हानीचा आयता पुरावा हाती देतो, आणि बिघाड गृहीत धरणाऱ्या प्रेक्षकाचे समाधान होते.

तरीही नाटकात एक बचाव आहे, तो निवेदनात. गोष्ट सांगतो बापू : भिडस्त, मित्रेकडे ओढला गेलेला आणि अखेर कमी पडलेला. म्हणून मित्रेचा क्लेश आपल्याला कधीच थेट भेटत नाही. भेटते ती बापूने केलेली त्याची नोंद. शीर्षकही पाहावे. व्याकरणाच्या जुन्या नियमाने 'मित्रा'चे रूप 'मित्रेची' व्हावयास हवे होते; 'मित्राची' हे पुल्लिंगी 'मित्र' शब्दाचेही रूप आहे. मित्रेने स्वतःत ओळखलेला पुरुष त्यात ऐकू येतो, तसा तिचा मित्र असलेला बापूही. निदान करू पाहणाऱ्या समीक्षकाने तपासणीस आधी कोणाला बोलवावे, हे त्या शीर्षकाने मोकळे ठेवले आहे.