झुकझुकवाल्याची बायको

'पोप्पोया' या जपानी चित्रपटाच्या नावाचे मराठी करायचे तर मी 'झुकझुकवाला' असे करीन. 'पोप्पो' म्हणजे जपानी पोरांच्या तोंडची आगगाडी, आणि 'या' म्हणजे तो धंदा करणारा. कथा जिरो आसादा यांची; तिच्या संग्रहाला १९९७ साली नाओकी पारितोषिक मिळाले. चित्रपट १९९९ चा, यासुओ फुरुहाता यांचा.

होक्काइदोमधले होरोमाई हे एका फाट्यावरचे शेवटचे स्टेशन. खाण बंद पडून गाव ओस होत चाललेले, फाटाही आता बंद व्हायचा, आणि स्टेशनमास्तर ओतोमात्सु निवृत्तीला आलेला. त्याची एकुलती एक मुलगी युकिको तान्हेपणीच गेली. आजारी पोरीला घेऊन बायको दवाखान्यात गेली, हा ड्यूटीवर राहिला; आणि तेच कलेवर उराशी धरून ती गाडीने परत आली तेव्हाही हा गृहस्थ फलाटावर झेंडी घेऊन उभा! बायको त्या क्षणी जे बोलते ते ऐकवत नाही. पुढे तीही अशीच गेली, नवरा उशाशी नसताना.

केन ताकाकुरा यांनी हा मास्तर उभा केला आहे तो जवळजवळ न बोलता. बर्फात ताठ उभे राहायचे, शिटी वाजवायची, जपानी रेल्वेच्या रीतीप्रमाणे बोट रोखून रूळ मोकळा असल्याची खूण मोठ्याने पटवायची. बस्स, एवढेच. पण त्या रोखलेल्या बोटात सारा जन्म दिसतो. हा नट पाहण्यासाठी मी चित्रपट पुन्हा पाहीन.

माझे भांडण शेवटाशी आहे. नववर्षाच्या दिवसांत एक लहान मुलगी बाहुली घेऊन स्टेशनात येते, मग तिच्याहून थोरली, मग आणखी थोरली. ती गेलेली युकिकोच, जगली असती तर कशी वाढली असती हे बापाला दाखवायला आलेली. मूळ कथेत बाप कबूल करतो की तू गेलीस त्या दिवशीही मी रोजनाम्यात सारे ठीक असेच लिहिले. आणि मुलगी त्याला क्षमा करून टाकते. डोळे पुसता पुसता मला वाटले, ही क्षमा फार स्वस्त झाली. दोन महिन्यांच्या जिवाची बापाविरुद्ध तक्रार ती काय असणार? जिची होती ती बायको मात्र परत येत नाही. लेखकाला तिला बोलवायचे धाडस झाले नसावे.

मी शाळामास्तर. परीक्षेच्या दिवसांत मूल तापाने फणफणलेले टाकून मी वर्गावर गेलो होतो. शेजारीपाजारी कौतुक झाले. घरात ती दोन दिवस बोलली नाही.

चित्रपटातले होरोमाई म्हणजे खरे इकुतोरा स्टेशन. ते शेवटचे नव्हे, नेमुरो मार्गावर मध्येच होते, आणि चित्रीकरण झाले तेव्हा तिथे स्टेशनमास्तर नव्हताच. उतारूंनी पैसे गाडीच्या चालकाजवळच्या पेटीत टाकावेत आणि उतरावे, अशी व्यवस्था. ऑगस्ट २०१६ च्या वादळात रूळ मोडले आणि पुढे गाडीऐवजी बस आली. १ एप्रिल २०२४ ला फुरानो ते शिंतोकु हा ८१.७ किलोमीटरचा मार्गच बंद झाला. मास्तरावाचून तिथल्या गाड्या कित्येक वर्षे बिनतक्रार धावत होत्या. ही गोष्ट त्या बायकोला कळली असती तर ती काय म्हणाली असती, ते ऐकायला मला आवडले असते.