‘मदर करेज’मधील घासाघीस

बर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘मदर करेज’ची (लेखन १९३९) चर्चा बहुधा नायिकेच्या अपत्यशोकापाशी थांबते. तीस वर्षांच्या युद्धात सैन्यामागून गाडी ओढीत किरकोळ माल विकणारी ही बाई तिन्ही अपत्ये गमावते. १९४१ साली झुरिच येथील पहिल्या प्रयोगात प्रेक्षक हेलावले. ब्रेख्तला ते रुचले नाही. म्हणून १९४९ च्या बर्लिनमधील प्रयोगात, थोरला मुलगा सैन्यात नेला जात असता आई पट्ट्याच्या बक्कलाचा सौदा करताना दिसते.

वस्तुतः या दुरुस्तीवाचूनही तिसरा प्रवेश पुरेसा होता. धाकट्याच्या सुटकेसाठी २०० गिल्डरची लाच द्यावयाची असते. ती घासाघीस करीत राहते, आणि मुलगा गोळ्यांस बळी पडतो. तिला केवळ लोभी ठरविणे हा टीकाकारांचा उतावळेपणा होय. पैसा गाडीवरच उभारावयाचा आहे. गाडी गेल्यास स्वतःचे व मुक्या मुलीचे पोट कशावर भरावे? तिचे मातृत्व आणि तिचा धंदा यांचा हिशेब एकाच वहीत आहे. युद्धाचा लाभ केवळ शस्त्रांच्या कारखानदारांच्याच पदरी पडतो असे मानणाऱ्यांस हा प्रवेश अडचणीचा वाटेल. कन्येच्या मृत्यूनंतरही ती एकटीच गाडी ओढीत सैन्यामागे निघते; गिऱ्हाईक तेथेच आहे.